आपल्या भागातल्या जवानाचा स्मरणदिन कसा करायचा

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी राज्यात दुखवटा, वरळीला शासकीय इतमामात अंत्यसंस्कार, आणि आमच्या सगळ्या ग्रुपवर सकाळपासून त्यांचेच फोटो, नॅनोची गोष्ट, त्यांच्या कुत्र्यांचे किस्से. मीपण स्टेटस ठेवलं होतं आणि मनापासून ठेवलं होतं. त्याच दिवशी, १० तारखेला दुपारी, आमच्या इथून फार लांब नसलेल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी रेंजवर तोफेच्या सरावात गोळा फुटला आणि दोन अग्निवीर गेले. एक गुजरातचा, एक पश्चिम बंगालचा, वीस-एकवीस वर्षांची पोरं. भगूर-देवळालीकडे राहणाऱ्यांना तोफेचा आवाज नवा नाही, फायरिंग सुरू असलं की खिडकीच्या काचा थरथरतात, फळीवरचे डबे वाजतात, बारकं पोरसुद्धा दचकत नाही. त्या दिवशीही आवाज आला असेल आणि आम्ही आपल्या कामात असू. संध्याकाळी ग्रुपवर बातमी आली, खाली तीन-चार जणांचे जोडलेले हात, आणि लगेच परत टाटांचा व्हिडिओ.

ते मला फार लागलं. आमचं मंडळ काही वर्षांपासून आमच्या भागातल्या एका जवानाचा स्मरणदिन करतंय, त्यात आम्ही काय काय चुकलो आणि आता कसं करतो ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे तुमच्या कॉलनीत, गावात, मंडळात करायचं असेल तर तुम्हाला आमच्यासारखं ठेचकाळावं लागणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. कोणी मोठा नट किंवा गायक गेला की दोन तासांत तो मेसेज फिरायला लागतो, नट गेला तर देश रडतो आणि जवान गेला तर कोणाला पत्ता नाही, शेअर करा खऱ्या हिरोसाठी. मी स्वतः हा मेसेज कितीतरी वेळा पुढे ढकललाय. १४ जून २०२० ला सुशांतसिंह राजपूत गेला आणि १५ जूनच्या रात्री गलवानला आपले २० जवान गेले, आणि पुढचे कित्येक महिने चॅनलवर काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्या मेसेजमधला राग खोटा नाही. पण तो मेसेज पाठवून जवानाच्या वाट्याला काय आलं? काहीच नाही. उलट ज्याला नटाच्या जाण्याचं खरंच वाईट वाटत होतं त्याला आपण दुखावलं, आणि जवानाचं नाव काय, गाव कुठलं, हे त्या मेसेजमध्ये कधीच नव्हतं. जवान फक्त दुसऱ्याला टोमणा मारायला वापरला गेला.

मला जे समजलंय ते असं की दुःख ओळखीच्या मागे जातं. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या, देशात दोन दिवस राष्ट्रीय दुखवटा होता, आमची आई दिवसभर रेडिओ लावून बसली होती आणि मधूनच डोळे पुसत होती. तिच्या लग्नाआधीपासून तो आवाज घरात होता, ती रडणारच ना. जवान मात्र आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो पेपरातल्या पासपोर्ट साइझ फोटोत, गेल्यावरच. ओळखच नाही तर रडू कुठून येणार? आणि ओळख झाली की काय होतं ते आपल्याच जिल्ह्यात बघा. इरफान खानने इगतपुरीजवळ जागा घेतली होती, तिथल्या एका वाडीला त्याने अँब्युलन्स दिली, पोरांना पुस्तकं दिली, आणि २९ एप्रिल २०२० ला तो गेल्यावर लोकांनी वाडीचंच नाव हिरोची वाडी ठेवलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही. त्याचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून. तेव्हा नटाचं दुःख कमी करायच्या भानगडीत पडायचं नाही, जवानाची ओळख वाढवायची, स्मरणदिन त्यासाठीच.

आता कामाचं बोलू. पहिलं म्हणजे आपल्या भागातला जवान कोण ते शोधा. बऱ्याच जणांना वाटतं आपल्याकडे कोणी नाही, पण नाशिक जिल्हा आहे हा, चौकशी करा, सापडतंच. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, नाशिकलाही आहे, तिथे जाऊन आपण कोण, कशासाठी आलोय ते नीट सांगा. कुटुंबाचा फोन नंबर लगेच हातात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका आणि तसा मागूही नका, तुमचा नंबर ठेवून या आणि त्यांच्यामार्फत निरोप जाऊ द्या. गावातले माजी सैनिक हा दुसरा मार्ग, आणि खरं सांगायचं तर जास्त उपयोगाचा, कारण एक सुभेदार काका भेटले की ते पाच घरं सांगतात. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्यानंतर वीरगती मिळालेल्या २५ हजारांहून जास्त जणांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत आणि वेबसाइटवर नाव शोधता येतं, तिथून हुद्दा, युनिट पडताळून घ्या. पण सीआरपीएफ, बीएसएफचा जवान असेल तर तो गृहखात्याखाली येतो, त्याचं नाव तिथे दिसलं नाही म्हणून गोंधळू नका.

आणि १९६५, १९७१ च्या युद्धांत गेलेल्यांनाही विसरू नका. आमच्याच इथे एक आजोबा सांगत होते की त्यांच्या थोरल्या भावाचं नाव गेल्या पन्नास वर्षांत घराबाहेर कोणी काढलंच नाही. नव्या जवानाच्या वेळी निदान गाव तरी गोळा होतो.

मग घरी जायचं. इथे घाई करू नका. कोणाचं नुकतंच झालं असेल तर तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते, आमदार, खासदार, चॅनलवाले, मंडळं, सगळे येऊन जातात. चौदाव्या दिवसापासून अंगण रिकामं. तुम्ही दीड-दोन महिन्यांनी जा. दोघं-तिघंच जा, त्यात एखादी बाई असू द्या म्हणजे वीरपत्नी किंवा आई मोकळेपणी बोलतील, आणि मोबाइल खिशातच ठेवा. फोटो नाही, लाइव्ह नाही, सेल्फी तर बिलकूल नाही. ताई, आम्ही दरवर्षी त्या दिवशी छोटासा कार्यक्रम करावा म्हणतोय, तुम्हाला चालेल का, एवढंच विचारायचं. नको म्हणाल्या तर नको. दोन वर्षांनी परत विचारा. काही घरांना त्या तारखेला कोणी यायलाच नको असतं, त्यांना त्या दिवशी त्र्यंबकला जाऊन शांत बसायचं असतं, तो त्यांचा हक्क आहे. तारीखही त्यांनाच विचारा, कारण कोणी तिथीने करतं, कोणी तारखेने, आणि काही घरांना जाण्याचा दिवस नकोच असतो, वाढदिवस हवा असतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जवानाच्या आईंनी आतून एक काळी पत्र्याची पेटी ओढत आणली. युनिटकडून सामान आलं होतं ती. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, आणि त्या पांढऱ्या रंगाचा एक ओघळ खाली आलेला, तो त्याच्याच हाताचा आहे म्हणाल्या, रंगवताना घाई करायचा. आत इस्त्री केलेला युनिफॉर्म, पॉलिशची डबी अर्धी संपलेली, पाकिटात घराच्या दाराचा फोटो. माणसांचा नाही, दाराचा. नवीन दार बसवलं होतं त्याने सुट्टीत. मी आजवर कितीतरी श्रद्धांजलीची भाषणं ऐकली, दिलीसुद्धा, पण त्या दिवसानंतर मला त्या जवानाबद्दल कोणाला सांगायचं असेल तर मी त्या दाराचं सांगतो. तुम्हीही असंच काहीतरी शोधा, म्हणजे तो शाळेत कुठल्या बाकावर बसायचा, कबड्डीत रेडर होता की पकडायचा, सुट्टीत आल्यावर आधी कोणाच्या घरी जायचा. भारतमातेचा वीर सुपुत्र वगैरे तर सगळेच म्हणतात, त्याने ओळख होत नाही.

आता शब्दांचं. आपण सरसकट शहीद म्हणतो, मनातून म्हणतो, त्यात वाईट काही नाही, पण सरकारी आणि लष्करी कागदात हा शब्द नाही, सैन्यानेही तो वापरू नये असं कळवलेलं आहे. आमंत्रणात, फलकावर वीरगती, वीरमरण किंवा हुतात्मा लिहा, कोणी आक्षेप घेत नाही. घरच्यांसाठी वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी. विधवा हा शब्द चुकूनही माइकवर येऊ देऊ नका, निवेदकाला आधी सांगून ठेवा.

आणि घडलं तेवढंच सांगा. हे मी जास्त जोर देऊन लिहितोय कारण इथेच सगळ्यात जास्त चूक होते. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला हेलिकॉप्टर कोसळून गेले, हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक. त्याच सकाळी हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन पाकिस्तानात पकडले गेले होते, त्यामुळे सगळा देश तिकडे बघत होता. १ मार्चला आपल्याकडे गोदाकाठी निनाद यांना निरोप दिला गेला, नाशिककर रस्त्यावर उतरले होते, आणि टीव्हीवर दिवसभर अटारीचं गेट, अभिनंदन तिथून परत येणार होते म्हणून. पुढे चौकशीत निघालं की आपलंच क्षेपणास्त्र त्या हेलिकॉप्टरला लागलं होतं, हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ती आपली मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. आता सांगा, यामुळे त्या सहा जणांचं मोल कमी झालं का? अजिबात नाही. पण माइकवर उभं राहून कोणी शत्रूची विमानं पाडल्याची कहाणी रचली तर घरच्यांना खाली मान घालून ती ऐकावी लागते. निनाद यांच्या पत्नीने त्याच दिवसांत सोशल मीडियावर युद्ध खेळणाऱ्यांना थांबा म्हणून सांगितलं होतं, एवढाच जोश असेल तर सैन्यात या म्हणाल्या होत्या. कार्यक्रमात घोषणा ठरवताना हे डोक्यात असू द्या.

सरावात गेलेला, अपघातात गेलेला, हिमस्खलनात गेलेला, सगळे ड्युटीवरच होते. मालेगाव तालुक्यातल्या साकुरीचे सचिन मोरे जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात नदीत पडलेल्या साथीदारांना वाचवताना गेले, गोळी लागून नाही. हा खरा शहीद की नाही असली चर्चा तुमच्या ग्रुपवर सुरू झाली तर अॅडमिनने तिथेच थांबवावी.

कार्यक्रम छोटा ठेवा, अर्धा-पाऊण तास पुरे. आमच्या पहिल्या वर्षीचं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. आम्ही मोठ्ठा फ्लेक्स केला, त्यावर वरच्या रांगेत नेत्यांचे फोटो, खाली मंडळाचे पंधरा-वीस जण गॉगल घालून, आणि मधे जवानाचा फोटो, आणि आडनावात वेलांटी चुकलेली. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. तोपर्यंत आई पहिल्या रांगेत उन्हात बसून होत्या, कोणी पाणी विचारलं नाही कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने विचारलं असेल. मग पाहुण्यांचा सत्कार, त्यांचं भाषण, ते निघाले तशी त्यांच्याबरोबर अर्धी गर्दी गेली, आणि आईंना शाल-श्रीफळ द्यायची वेळ आली तेव्हा समोर खुर्च्या. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना फक्त म्हणाल्या, त्याचं नाव तेवढं नीट करून घ्या रे बाळांनो.

तेव्हापासून आमचे नियम ठरलेत. फ्लेक्सवर एकच फोटो, जवानाचा, घरच्यांनी निवडलेला. मजकूर छापायला टाकण्याआधी घरी वाचून दाखवायचा, नाव, हुद्दा, युनिट, तारखा, एकेक अक्षर. प्रमुख पाहुणे आई-वडील किंवा वीरपत्नीच, बाकी कोणीही आलं तर स्वागत आहे, बसतील लोकांत. दिलेल्या वेळेला सुरू म्हणजे सुरू. आधी दीपप्रज्वलन घरच्यांच्या हस्ते, मग दोन मिनिटं शांतता, घड्याळ लावून खरी दोन मिनिटं, वीस सेकंदांत उरकायचं नाही. मग फक्त दोघांनी बोलायचं, एक त्याला ओळखणारा मित्र किंवा शिक्षक, आणि एक माजी सैनिक जो त्याची ड्युटी काय होती ते साध्या भाषेत सांगेल, म्हणजे सियाचीनला पोस्टवर दिवस कसा जातो, तोफेच्या डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे एक तोफ चालवणाऱ्या तुकडीत, कोण काय करतं. देवळाली जवळ असल्यामुळे आपल्याकडे तोफखान्यातून निवृत्त झालेले काका लोक सहज मिळतात आणि पोरं त्यांचं फार लक्ष देऊन ऐकतात. शेवटी राष्ट्रगीत. डीजे नाही, चित्रपटातलं देशभक्तीचं गाणं सुरुवातीला हळू आवाजात लावलं तर चालतं, पण लोक बोलत असताना बंद.

तिरंग्याबाबत काळजी घ्या, चांगल्या मनाने केलेल्या चुका इथे फार होतात. झेंड्यावर काही लिहायचं किंवा छापायचं नाही, जवानाचं नावसुद्धा नाही. टेबलावर, स्टेजच्या कडेला झालरीसारखा लावायचा नाही, तिथे नुसतं भगवं-पांढरं-हिरवं कापड लावा हवं तर. झेंडा अर्ध्यावर आणणं सरकारच्या आदेशानेच होतं, मंडळाने आपल्या मनाने आणायचा नाही. पार्थिवावर तिरंगा फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारात पांघरतात, भगवा पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्याआधी तो काढून घेतात. नट-गायकांना शासकीय इतमाम मिळतो तेव्हा लोक चिडतात, पण तो द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं, त्यावरून त्या कलाकाराच्या घरच्यांना बोलू नका. कार्यक्रमानंतर पोरांच्या हातातले कागदी झेंडे जमा करायला दोन माणसं नेमा, सकाळी गटारात पडलेले दिसतात तेव्हा पोटात कालवतं.

पैशांचं स्पष्ट बोलतो. जवानाच्या नावाने डबा फिरवायचा नाही. कुटुंबाने मागितलेलं नसतं, पण गावात चर्चा त्यांची होते. ज्याला द्यायचंय त्याला सरळ रस्ता दाखवा. सैन्यासाठी ध्वजदिन निधी आहे, ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रीतसर पावती मिळते. सीआरपीएफ-बीएसएफ वगैरेंसाठी गृहखात्याचं भारत के वीर पोर्टल २०१७ पासून आहे, तिथे थेट त्या जवानाच्या वारसाच्या खात्यात रक्कम जाते आणि एका कुटुंबाला १५ लाखांची मर्यादा ठेवलेली आहे. स्मरणदिनाच्या फलकाखाली हे दोन पत्ते छापा, बास.

पण पैशांपेक्षा जास्त गरज असते ती सोबतीची आणि कागदांची, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं. पेन्शन आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन सिस्टिमवर आहे, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, सत्तरीच्या आईंना ओटीपी कुठून कळणार? सेतूवर बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून त्या दोनदा रिकाम्या हाताने परत आल्या होत्या आणि आम्ही त्याच महिन्यात त्यांच्या मुलाचा फ्लेक्स लावत होतो. आता मंडळातल्या एकाकडे हेच काम दिलंय, नोव्हेंबर लागला की तो गाडी घेऊन जातो. तसंच सातबाऱ्यावर वारसनोंद, नातवाचा शाळेचा फॉर्म, ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, डॉक्टरांचा नंबर लावणं, घोषणा झालेल्या रस्त्याच्या नावाचा पाठपुरावा. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, नगरपालिका-महापालिका असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी आश्वासन तेराव्यालाच विरून जातं. स्मारक, चौथरा आधीच असेल तर नवीन मागू नका, आहे तो दर महिन्याला धुवा. आमच्याकडच्या एका चौथऱ्यावर वर्षभर कोणीतरी भाजीची क्रेट ठेवत होतं, आम्ही जाऊन भांडलो नाही, त्याला फोटोतला माणूस कोण ते सांगितलं. आता तोच रोज सकाळी झाडतो.

पुढच्या वेळी कोणी मोठा कलाकार गेला तर खुशाल वाईट वाटून घ्या, त्याची गाणी लावा, सिनेमा बघा. फक्त तुमच्या जवानाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दरवर्षीसाठी टाकून ठेवा, आठ दिवस आधी वाजेल अशी, कारण चॅनल आठवण करून देणार नाही.

आणि एक छोटं राहिलं, घरी जाताना किती जण येणार ते आदल्या दिवशी फोन करून नक्की सांगा. आम्ही एकदा दहा सांगून चौघंच गेलो, तर आईंनी दहा कप मांडून ठेवले होते.